सॅम्युअल बेकेट : वाट पाहणाऱ्यांचा नाटककार

(जन्म : १३ एप्रिल १९०६, डब्लिन – मृत्यू : २२ डिसेंबर १९८९, पॅरिस)



'मेट्रिक्स' चित्रपटांतला काळा चष्मा घातलेला नायक तुम्हाला आठवत असेल. तो नट म्हणजे कियानू रीव्ह्ज. सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, तो पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकात उभा राहिला. सोबतीला होता त्याचा जुना मित्र ॲलेक्स विंटर. १९८९ च्या 'बिल अँड टेड' या विनोदी चित्रपटातली ही जोडी. एवढ्या मोठ्या नटाने रंगभूमीवर यायचं ठरवलं, तर त्याने कोणतं नाटक निवडावं? भरपूर मारामारी, गाणी, थाटमाट असलेलं एखादं? नाही. त्याने निवडलं सत्तर वर्षांहून जुनं 'वेटिंग फॉर गोदो'. या नाटकात दोन भटके माणसं एका रस्त्याकडेला उभी राहून कुणाची तरी वाट पाहतात. तो येत नाही. नाटक संपतं.

बस, एवढंच कथानक! तरीही जगातल्या नामवंत नटांना हे नाटक पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते पहिल्या वाचनात कळत नाही. यामागचं कारण शोधायचं तर ते लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य बघायला हवं. आजच्या लेखात सॅम्युअल बेकेट यांची ओळख करून घेऊ. शिक्षक आणि पालक म्हणून आपल्याला त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

झाडावरून उडी मारणारा मुलगा

डब्लिनजवळच्या फॉक्सरॉक या उपनगरात एका सुखवस्तू प्रोटेस्टंट कुटुंबात सॅमचा जन्म झाला. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. वडील विल्यम हे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढून देणारे व्यावसायिक. मोकळ्या स्वभावाचे, चालण्या-पोहण्याची आवड असलेले. डब्लिनच्या डोंगरांत ते सॅमला घेऊन तासन्‌तास भटकत. आई मे लग्नापूर्वी परिचारिका होत्या. धार्मिक, शिस्तीच्या आणि करड्या. थोरल्या भावाचं नाव फ्रँक.

लहानपणी सॅमला एक भलताच नाद होता. घराजवळच्या उंच झाडाच्या शेंड्यावर चढायचं आणि हात पसरून खाली झोकून द्यायचं. खालच्या फांद्या आपल्याला झेलतील हा भरवसा! आई रागवायची, पण पोरगा ऐकायचा नाही. मोठेपणीही त्यांच्या लेखनात ही आठवण डोकावते.

पुढे त्याला एन्निस्किलनच्या पोर्टोरा रॉयल स्कूल या निवासी शाळेत घातलं. ऑस्कर वाइल्ड याच शाळेचे विद्यार्थी. तिथे सॅम अभ्यासापेक्षा खेळात जास्त चमकला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावरही क्रिकेट सुटलं नाही. १९२५ आणि १९२६ मध्ये तो डब्लिन विद्यापीठाकडून नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध दोन प्रथम श्रेणी सामने खेळला. चार डावांत मिळून ३५ धावा, म्हणजे कामगिरी काही फार मोठी नाही. पण प्रथम श्रेणी क्रिकेट खेळलेला आणि पुढे साहित्याचं नोबेल मिळवलेला हा जगातला एकमेव माणूस. क्रिकेटवेड्या वर्गात बेकेट यांची ओळख करून द्यायची असेल तर इथूनच सुरुवात करा, मुलं कान टवकारतील.

कॉलेजात एका चांगल्या प्राध्यापकांमुळे भाषांची गोडी लागली आणि मुलगा पालटला. १९२७ मध्ये फ्रेंच व इटालियन हे विषय घेऊन तो पहिला आला, सुवर्णपदक मिळालं. घरात आनंदीआनंद! आता पोराचं कल्याण झालं, प्राध्यापक होणार, असंच सगळ्यांना वाटलं.

नोकरी सोडून दिलेला शिक्षक

आता बघा काय झालं ते. १९२८ मध्ये बेकेट यांनी बेलफास्टच्या कॅम्पबेल कॉलेज या शाळेत काही महिने शिकवलं. मन रमलं नाही. मग पॅरिसच्या नामांकित 'एकोल नॉर्माल सुपेरिअर' या संस्थेत इंग्रजीचे अध्यापक म्हणून दोन वर्षं काढली. १९३० मध्ये ट्रिनिटी कॉलेजात, म्हणजे स्वतःच्याच कॉलेजात, फ्रेंचचे व्याख्याते झाले. घरच्यांचं स्वप्न पूर्ण झालं. पण जेमतेम चार सत्रं शिकवून, १९३२ च्या सुरुवातीला, त्यांनी परदेशातूनच राजीनामा कळवून टाकला. जे आपल्यालाच नीट कळलेलं नाही ते दुसऱ्यांना कळल्याच्या थाटात शिकवणं त्यांना असह्य झालं होतं.

आपण शिक्षक आहोत, म्हणून या ठिकाणी जरा थांबूया. नोकरी सोडणं बरोबर की चूक हा मुद्दा बाजूला ठेवा. पण वर्गात उभं असताना, आपल्याला पुरतं न उमगलेला धडाही आपण किती सहज समजावून मोकळे होतो! बेकेट यांना हे जमलं नाही. पुढे त्यांच्या नाटकाचा अर्थ विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी जे उत्तर दिलं, किंवा दिलं नाही, त्याची पाळंमुळं इथे सापडतात.

पॅरिसमध्ये त्यांना जेम्स जॉइस भेटले. हे जगप्रसिद्ध आयरिश कादंबरीकार तेव्हा डोळ्यांच्या दुखण्याने बेजार होते. बेकेट त्यांना पुस्तकं वाचून दाखवत, सांगतील ते लिहून घेत. जॉइस यांच्यासारखं सगळं ज्ञान शब्दांत कोंबायचं, हाच मोठा लेखक होण्याचा मार्ग असं तरुण बेकेट यांना वाटे. त्यांचं सुरुवातीचं लेखन म्हणूनच फार विद्वत्ताप्रचुर आहे.

रिकामे गेलेले दिवस?

जून १९३३ मध्ये वडील हृदयविकाराने गेले. बेकेट तेव्हा २७ वर्षांचे. नोकरी नाही, लेखनाला मान नाही, आईशी खटके उडताहेत. रात्री छातीत धडधड होऊन झोप उडायची, श्वास कोंडायचा. शेवटी ते लंडनला गेले आणि टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये विल्फ्रेड बिऑन या तरुण मानसोपचारतज्ज्ञाकडे जवळजवळ दोन वर्षं उपचार घेतले. हा खर्च कोणी केला ठाऊक आहे? आईने. मुलाचं वागणं न पटणाऱ्या, त्याच्या पुस्तकांनी ओशाळं होणाऱ्या त्याच आईने. ९० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मनाच्या दुखण्यावर उपचार घ्यायचे म्हटलं की आजही आपल्याकडे लोक काय म्हणतील याची भीती आधी येते. मे बेकेट यांनी पैसे दिले आणि वाट पाहिली.

यश मात्र अजून दूर होतं. 'मर्फी' ही कादंबरी चाळीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली. १९३८ मध्ये ती कशीबशी छापून आली, पण फारशी खपली नाही. त्याच वर्षी जानेवारीत पॅरिसच्या रस्त्यावर एका अनोळखी गुंडाने त्यांना चाकूने भोसकलं. चाकू थोडक्यात हृदयापासून चुकला. बरे झाल्यावर कोर्टात गाठ पडली तेव्हा बेकेट यांनी त्या माणसाला हल्ल्याचं कारण विचारलं. त्याने सांगितलं, मलाही माहीत नाही, आणि वर माफी मागितली. बेकेट यांनी त्याच्याविरुद्धची तक्रार पुढे रेटली नाही. कारण नसताना माणसाच्या वाट्याला दुःख येतं, ही गोष्ट त्यांनी अशी अंगावर झेलली होती. 'गोदो'मधल्या एस्ट्रागॉनला रोज रात्री कोणीतरी मारतं. कोण, कशासाठी, ते कधीच कळत नाही.

याच इस्पितळात सुझान देशव्हो-द्युमेनील त्यांना भेटायला येऊ लागल्या. पियानोवादक असलेल्या सुझान पुढची पन्नास वर्षं त्यांच्यासोबत राहिल्या.

खरीखुरी वाट पाहणं

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेकेट आयर्लंडमध्ये होते. आयर्लंड तटस्थ होता. घरी राहिले असते तर जिवाला धोका नव्हता. पण ते उलट फ्रान्सला परतले. १९४० मध्ये जर्मनीने फ्रान्स व्यापला. ज्यू मित्रांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मित्र आल्फ्रेद पेराँ यांच्यामार्फत ते 'ग्लोरिया' या गुप्त प्रतिकार गटात सामील झाले. काम काय? जर्मन सैन्याच्या हालचालींच्या चिठ्ठ्याचपाट्या त्यांच्याकडे येत. त्या जुळवायच्या, भाषांतर करायचं, टंकलिखित करायचं. मग सूक्ष्मचित्रफितीवर ती माहिती इंग्लंडला जाई. भाषेचा शिक्षक भाषेनेच लढत होता.

ऑगस्ट १९४२ मध्ये फितुरी झाली. पेराँ पकडले गेले. त्यांच्या पत्नीची तार येताच बेकेट आणि सुझान यांनी काही तासांत घर सोडलं. लपतछपत, बरंचसं पायी चालत, ते दक्षिण फ्रान्समधल्या रूसियाँ या डोंगराळ खेड्यात पोहोचले. गटातले पन्नासहून अधिक जण पकडले गेले. पेराँ छळछावणीतून सुटले, पण घरी पोहोचण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला.

रूसियाँमध्ये बेकेट दोनेक वर्षं अडकून पडले. दिवसभर शेतकऱ्यांकडे राबायचं, बदल्यात बटाटे, भाजी, थोडी वाइन घ्यायची. संध्याकाळी लिहायचं. आणि वाट पाहायची. युद्ध कधी संपेल? माहीत नाही. पकडले जाऊ का? माहीत नाही. उद्याही आजच्यासारखाच असेल का? बहुधा हो. 'गोदो'च्या फ्रेंच संहितेत रूसियाँ गावाचं आणि तिथल्या द्राक्षमळ्याच्या मालकाचं नावसुद्धा येतं. रस्त्याकडेचे ते दोन भटके आकाशातून पडलेले नाहीत.

युद्धानंतर फ्रान्स सरकारने त्यांना 'क्रुआ द गेर' हे शौर्यपदक दिलं. बेकेट त्याविषयी सहसा बोलत नसत. लगेच ते बॉम्बहल्ल्यांत जमीनदोस्त झालेल्या सँ-लो या गावी गेले आणि आयरिश रेडक्रॉसच्या इस्पितळात कोठारपाल व दुभाष्या म्हणून काम करू लागले.

वहीतलं नाटक

१९४५ च्या सुमाराला, आईच्या घरी गेलेले असताना, बेकेट यांच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. जॉइस यांचा रस्ता ज्ञान वाढवत नेण्याचा. आपला रस्ता उलटा. आपल्याला न कळलेलं, न जमलेलं, उणं असलेलं, तेच आपलं साहित्य. मग त्यांनी इंग्रजी बाजूला ठेवून फ्रेंचमध्ये लिहायला सुरुवात केली. मातृभाषेत शब्द आपोआप सजून येतात. परक्या भाषेत तो मोह आवरता येतो, साधं लिहिता येतं. आपल्या मुलांचे निबंध वाचताना हे जरूर आठवा. भारदस्त शब्द पेरलेला निबंध चांगलाच असतो असं नाही.

९ ऑक्टोबर १९४८ ते २९ जानेवारी १९४९ या काळात, शाळकरी मुलांच्या साध्या वहीत, त्यांनी 'आँ आताँदाँ गोदो' हे नाटक लिहिलं. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आडरस्ता, एक वठलेलं झाड, संध्याकाळ. व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन हे दोन मित्र गोदो नावाच्या माणसाची वाट पाहताहेत. वेळ जावा म्हणून ते भांडतात, गळ्यात पडतात, बूट काढतात, टोप्यांची अदलाबदल करतात, गाजर खातात. पोझो नावाचा एक माजोरडा मालक येतो. लकी नावाच्या नोकराला त्याने गळ्यात दोरी बांधून आणलं आहे. ते जातात. मग एक मुलगा निरोप आणतो : गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की. पडदा. दुसऱ्या अंकात पुन्हा तेच! फक्त झाडाला चार पानं फुटली आहेत, आणि पोझो आंधळा झाला आहे. पुन्हा तोच निरोप. दोघं निघायचं ठरवतात, पण हलत नाहीत.

नाटकाचं हस्तलिखित घेऊन दारोदार फिरल्या त्या सुझान. शिवणकाम आणि पियानोच्या शिकवण्या करून घर त्याच चालवत होत्या. दिग्दर्शक रॉजे ब्लँ यांच्याकडे त्यांनी बेकेट यांची दोन नाटकं दिली. ब्लँ यांनी 'गोदो' निवडलं, कारण त्यात नट कमी आणि खर्चही कमी! तरी पैसे जमायला, थिएटर मिळायला काही वर्षं गेली. अखेर ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसच्या चिमुकल्या 'बाबिलॉन' थिएटरात पहिला प्रयोग झाला. पोझोचं काम स्वतः ब्लँ यांनी केलं. बेकेट यांचं वय तेव्हा ४६. सुवर्णपदक मिळून पाव शतक उलटलं होतं.

पहिल्या प्रयोगाला ते हजर नव्हते, खेड्यातल्या घरी जाऊन बसले होते. एक गंमत सांगतो. नाटकाच्या शेवटी एस्ट्रागॉनची विजार गळून पडते. पहिल्या प्रयोगात त्या नटाने लाजून ती अर्ध्यावरच धरून ठेवली, असं सुझान यांच्याकडून कळताच बेकेट यांनी ब्लँ यांना पत्र लिहिलं : विजार पूर्ण घोट्यापर्यंत पडलीच पाहिजे. दुःख आणि हसू एकाच क्षणी यायला हवं, हा त्यांचा आग्रह. चॅप्लिन, बस्टर कीटन, लॉरेल-हार्डी यांच्या मूकपटांवर त्यांचं प्रेम होतं. त्या गोल टोप्या तिथूनच आल्या आहेत.

कोणाला कळलं, कोणाला नाही

काही प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला. पण बोलबाला झाला आणि लोक रांगा लावू लागले. पुढे बेकेट यांनी स्वतःच इंग्रजी भाषांतर केलं. ऑगस्ट १९५५ मध्ये लंडनला २४ वर्षांच्या पीटर हॉल यांनी ते बसवलं. तिथेही प्रेक्षक उठून गेले, दैनिकांनी झोडपलं. पण रविवारच्या अंकांत हॅरॉल्ड हॉब्सन आणि केनेथ टायनन या दोन समीक्षकांनी बाजू घेतली आणि नाटक तरलं.

अमेरिकेतली गोष्ट तर अधिक मजेशीर. जानेवारी १९५६ मध्ये मायामीला खूप हसवणारं नाटक अशी जाहिरात करून ते लावलं. 'विझार्ड ऑफ ऑझ'मधला भित्रा सिंह झालेले लोकप्रिय विनोदी नट बर्ट लार एस्ट्रागॉन करत होते. सुट्टीला आलेला श्रीमंत प्रेक्षक मध्यंतरातच बाहेर पडला. म्हणजे नामवंत नट असले की नाटक चालतंच असं नाही.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. १९ नोव्हेंबर १९५७, कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग. समोर सुमारे १४०० कैदी. हे नाटक निवडण्याचं एक कारण इतकंच की त्यात स्त्रीपात्र नाही. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ आणि नट धास्तावलेले. शिकल्यासवरल्या प्रेक्षकांना जे कळलं नाही ते या कैद्यांना काय कळणार? पण कैदी गप्प बसून बघत राहिले. कोणी उठून गेलं नाही. त्यांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही. रोज तोच दिवस, उद्याचं आश्वासन, न येणारी सुटका, हे त्यांचंच जगणं होतं. रिक क्लुची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याला तर कोठडीबाहेर पडायचीही परवानगी नव्हती. तरी पुढे त्याने तुरुंगात नाट्यगट सुरू केला. सुटल्यावर तो नट झाला आणि खुद्द बेकेट यांच्या दिग्दर्शनाखाली त्याने काम केलं. समीक्षक मार्टिन एस्लिन यांनी १९६१ मध्ये 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' हे पुस्तक लिहिलं तेव्हा सुरुवातच या प्रयोगाने केली. ॲब्सर्ड नाटक, म्हणजे मराठीत ज्याला असंगत नाट्य म्हणतात, हे नाव रूढ झालं ते या पुस्तकामुळे.

आणि असे प्रयोग पुढेही होत राहिले. १९८० मध्ये वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या कृष्णवर्णीय नटांनी ते केलं. गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या थिएटरांत आपली नाटकं होऊ द्यायला बेकेट यांनी आधीपासून नकार दिला होता. बेकेट गेल्यानंतर, १९९३ मध्ये, वेढ्यात सापडलेल्या सारायेव्होत सुझन सोंटॅग यांनी मेणबत्त्यांच्या उजेडात ते बसवलं. २००७ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये, कतरिना वादळात उद्ध्वस्त झालेल्या वस्तीत, भर चौकात त्याचे मोफत प्रयोग झाले. सरकारी मदतीची वाट पाहणाऱ्या त्या लोकांना गोदो कोण हे सांगायची गरज नव्हती.

मोठे नट परत परत का येतात?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. १९८८ मध्ये न्यूयॉर्कला रॉबिन विल्यम्स आणि स्टीव्ह मार्टिन या विनोदी नटांनी हे नाटक केलं. २००९ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात इयन मकेलन आणि पॅट्रिक स्ट्युअर्ट उभे राहिले. मुलांना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला पांढऱ्या दाढीचा जादूगार आणि 'एक्स-मेन'मधले प्रोफेसर म्हटलं की लगेच ओळख पटेल! सत्तरीला टेकलेले हे दोन दिग्गज एकमेकांच्या टोप्या घालत, कुरबुरत, एकमेकांना सांभाळत होते. पुढे मेलबर्नला रंगीत तालमीच्या मधल्या वेळात मकेलन एस्ट्रागॉनच्या फाटक्या कपड्यांत थिएटरबाहेर टेकले, तर एका वाटसरूने भिकारी समजून त्यांच्या टोपीत नाणं टाकलं, असं ते स्वतः सांगतात. नटाला याहून मोठी पावती कोणती?

आपल्या मुंबईतही हे घडलं आहे. १९७९ मध्ये नसीरुद्दीन शाह, बेंजामिन गिलानी आणि टॉम ऑल्टर यांनी 'मोटली' ही नाट्यसंस्था सुरू केली, तेव्हा पृथ्वी थिएटरात पहिलं नाटक लावलं ते हेच. पुढे अनेक वर्षं ते त्याचे प्रयोग करत राहिले.

कारण काय असावं? मला वाटतं, या नाटकात नटाला लपायला जागा नाही. डोळे दिपवणारं नेपथ्य नाही, उत्कंठा वाढवणारी कथा नाही. आहे तो फक्त सोबती. त्याच्याकडे बघायचं, त्याचं ऐकायचं, शांतता सांभाळायची. म्हणून तर जुनी मैत्री असलेल्या जोड्या इथे शोभतात. रीव्ह्ज आणि विंटर एका क्षणी हवेतच गिटार वाजवल्याचा आविर्भाव करत आणि त्यांचा जुना चित्रपट आठवून प्रेक्षक आरोळ्या ठोकत. गंमत आहे, पण बेकेट यांना ते रुचलं असतं का याची शंका वाटते! संहितेतल्या एकेका विरामाबद्दल ते विलक्षण काटेकोर होते. कलाकारांचं स्वातंत्र्य कुठवर, हा वाद त्यांच्या हयातीत रंगला आणि आजही चालू आहे. त्यांच्या अतिकडकपणावर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

नोबेल आणि अखेर

'एंडगेम', 'क्रॅप्स लास्ट टेप', 'हॅपी डेज' ही नाटकं पुढे आली. शब्द कमी कमी होत गेले. 'नॉट आय'मध्ये अंधारात दिसतं फक्त एक बोलणारं तोंड, आणि 'ब्रेथ' तर मिनिटभरात संपतं. १९६९ मध्ये साहित्याचं नोबेल जाहीर झालं. बेकेट आणि सुझान तेव्हा ट्युनिशियात होते. एकांतप्रिय जोडप्याला हे संकटच वाटलं. ते समारंभाला गेले नाहीत, प्रकाशक जेरोम लँदों यांनी पारितोषिक स्वीकारलं. आलेल्या पैशांचा मोठा भाग बेकेट यांनी अडचणीतल्या लेखक-कलावंतांना गुपचूप वाटून टाकला.

१९८२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात तुरुंगात असलेल्या वाक्लाव हावेल या नाटककारासाठी त्यांनी 'कॅटॅस्ट्रोफी' हे छोटं नाटक लिहिलं. १७ जुलै १९८९ रोजी सुझान गेल्या. पाठोपाठ २२ डिसेंबरला बेकेट. आठवड्याभरात, २९ डिसेंबरला, तेच हावेल आपल्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. कधीकधी गोदो येतोही! बेकेट आणि सुझान पॅरिसच्या माँपारनास दफनभूमीत एकाच साध्या दगडाखाली विसावले आहेत. डब्लिनमध्ये लिफी नदीवर वीणेच्या आकाराचा एक सुंदर पूल आहे, त्याला बेकेट यांचं नाव दिलं आहे.

आपल्या वर्गासाठी, आपल्या घरासाठी

गोदो म्हणजे कोण? देव? मृत्यू? सुख? नोकरी? लोकांनी जन्मभर बेकेट यांना हे विचारलं. आपल्याला ठाऊक असतं तर नाटकातच सांगितलं असतं, असं म्हणून ते विषय संपवत. शिक्षकांनो, हे उत्तर आपल्याला अवघड जातं. आपल्याकडे प्रत्येक पाठाखाली स्वाध्याय असतो, मार्गदर्शकात तयार उत्तर असतं. कधीतरी एक प्रयोग करून बघा. दोन मुलांना टोप्या द्या, फळ्याजवळ उभं करा आणि पाच मिनिटं न येणाऱ्या मित्राची वाट पाहायला सांगा. संवाद त्यांचे त्यांनाच सुचू द्या. आधी वर्ग हसेल, मग चुळबुळेल, मग शांत होईल. संपल्यावर अर्थ सांगू नका. कोणाची वाट पाहिली आहेस, एवढंच प्रत्येकाला वहीत लिहू द्या. परगावी कामाला गेलेल्या बाबांची, निकालाची, पावसाची, कशाकशाची वाट मुलं पाहत असतात ते वाचून आपणच गप्प होऊ. आणि त्या लिखाणाला गुण देऊ नका.

आणि पालकहो, तुमच्याशी दोन शब्द. सुवर्णपदक मिळवून नोकरी सोडणारा, तिशीत आईच्या पैशांवर उपचार घेणारा, चाळीस प्रकाशकांनी नाकारलेला मुलगा आपल्या घरात असता तर शेजारीपाजारी काय म्हणाले असते, आणि आपण त्याला काय ऐकवलं असतं? त्यांच्या आई १९५० मध्ये वारल्या, 'गोदो' रंगमंचावर येण्याच्या दोन-अडीच वर्षं आधी. मुलाचं यश त्यांना बघायला मिळालंच नाही. तरी कठीण काळात त्यांनी त्याला हात दिला होता. प्रत्येक उशिरा फुलणारं मूल बेकेट होईल असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण व्लादिमीर आणि एस्ट्रागॉन यांच्याकडे बघा. गोदो येत नाही, उद्याचाही भरवसा नाही. तरी एकाला झोप लागली की दुसरा आपला कोट काढून त्याच्या अंगावर घालतो. मूल कशाची तरी वाट पाहत थांबलेलं असेल तेव्हा आपल्याला एवढं नक्की करता येईल.